कन्नडहून निघालेली

१

रविवारी सकाळी साडेआठला मी घरून निघते. औरंगपुऱ्यात भाजी मंडईच्या मागे एक जुनं वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरची खोली मला दर रविवारी दोन तास मिळते. वर जायला बाहेरून लोखंडी जिना आहे. त्यावरून कोणी आलं की खोलीत बसल्या बसल्या कळतं, आणि पावलांवरून कोण आलं तेही कळतं. ऋतुराज दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो. काकासाहेब मधल्या वळणावर थांबून दम खातात.

त्या खोलीत मी लिहायला शिकवते. माझ्या दोन कादंबऱ्या आहेत, बऱ्या वाचल्या गेल्या. दुसरी येऊन चौदा वर्षं झाली. हे गणित वर्गात कोणी करत नाही, ही त्यांची माया.

वर्गात सात जण आहेत. तनुजा गंगापूरकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे, जीपने येते. ऋतुराज वाळूजच्या कंपनीत आहे, बजाजनगरला राहतो. काकासाहेब मूळचे कन्नडचे. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, आता मुलाकडे सिडकोत असतात. बाकीचे चौघे कमी बोलतात आणि मन लावून लिहितात.

पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी लिहायचं. पेन उचलायचं नाही, मान वर करायची नाही, पानावर नाव घालायचं नाही. मग पानं टेबलावर पालथी ठेवायची. मी ती पिसते आणि एकेक मोठ्यानं वाचते. कोणाचं कुठलं ते कळत नाही, त्यामुळे भीती जाते. मी त्यांना सांगते की आपल्या आत एक जण बसलेला असतो, तो सारखा म्हणतो, हे काय लिहितोस. त्याला वाचायला वेळ लागतो. त्याची एक ओळ वाचून होईपर्यंत आपण पुढच्या ओळीवर गेलेलं असावं.

हे ऐकून ते हसतात आणि खाली मान घालून लिहायला लागतात. मी खुर्चीत बसून पंख्याचा आवाज ऐकते. आठवड्यातली माझी सगळ्यात सुखाची वीस मिनिटं ती. त्या वेळात मी स्वतः कधी एक अक्षर लिहीत नसे.

२

होळीच्या आधीच्या रविवारी पानं आठ निघाली.

कोणीतरी दोन लिहिली असतील असं वाटून मी वाचत गेले. सातवं वाचून झालं. आठव्याचं अक्षर मी पाहिलेलं नव्हतं. गोल, मोठं, मोठेपणी लिहायला शिकलेल्या माणसाचं. शब्दांवर शिरोरेघ नव्हती. पेन इतकं दाबलेलं की पानाच्या मागून बोटांना अक्षरं लागत होती.

मजकूर चारच ओळींचा होता.

‘आवडाबाई बाकड्यावरून उठली. लई दिवस झालं बसून. पायाला मुंग्या आल्या व्हत्या. कन्नडच्या स्टँडावरून कोनची बी गाडी तिची नव्हती, म्हून ती चालत निघाली.’

मी वाचून दाखवलं. आवाज बरोबर निघाला असावा, कारण कोणाला काही वेगळं वाटलं नाही. तनुजा म्हणाली, हे फार छान आहे, पुढे काय होतं ते ऐकायचंय. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण हे माझं असं कोणी म्हणालं नाही. नियमच तसा होता.

ते पान मी पर्समध्ये ठेवलं.

३

आवडाबाई माझी आहे. म्हणजे माझ्या तिसऱ्या कादंबरीतली. अकरा वर्षांपूर्वी मी तिला कन्नडच्या बसस्टँडवर बाकड्यावर बसवलं आणि उठले, ते पुन्हा टेबलाशी गेले नाही. नऊ प्रकरणांची ती वही कपाटात, कापडी पिशवीत आहे.

का सोडली, तेही सांगते. तेव्हा एका घरगुती बैठकीत मी तिसरं प्रकरण वाचलं होतं. त्यात आवडाबाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचते. वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एक बाई जवळ आल्या. कोणाच्या तरी पाहुण्या होत्या, गावाकडच्या. त्यांनी हळूच विचारलं, ‘बाई, तुम्ही कधी कापूस वेचलाय का?’ त्यांना टोमणा मारायचा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि चहा घ्यायला गेल्या.

माझे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून होते, माझा सगळा जन्म समर्थनगरात गेला. त्या दिवसानंतर मी वाक्य लिहिलं की तो प्रश्न कानात यायचा. सहा प्रकरणं मी कशीबशी पुढे नेली. नवव्याच्या शेवटी आवडाबाई बाकड्यावर बसली आणि तिला कुठं पाठवायचं ते मला सुचेना. मला वाटायला लागलं की तिला उठवायचा माझा हक्कच नाही.

घरी येऊन मी पान माझ्या नवऱ्याला, श्रीधरना दाखवलं. ते पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, रेघ आणि अक्षर बारकाईनं बघतात. त्यांनी पान उजेडात धरलं.

‘हे अक्षर तुझं नाही,’ ते म्हणाले.

मी म्हणाले की तिसरं प्रकरण मी लोकांसमोर वाचलंय, नाव कोणाच्या तरी लक्षात राहिलं असेल. तेही तसंच म्हणाले. मग मी म्हणाले, पण बाकडं नवव्यात आहे, ते मी तुम्हालासुद्धा वाचायला दिलेलं नाही. पान माझ्याकडे देऊन त्यांनी जेवायची पानं घेतली.

४

पुढच्या रविवारी कोरे कागद मी घरूनच मोजून नेले. सात. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात माझी सही केली. वर्गाला सांगितलं की कागद वाया जातात म्हणून ही पद्धत.

आठ पानं आली. आठांवरही माझी सही होती. मी सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. माझ्या नावातल्या ‘शै’चा वरचा फराटा शाईच्या पेननं दर वेळी जरासा फुटतो, तसा तो आठव्यावरही फुटलेला होता.

आवडाबाई हतनूरच्या पुढे आली होती. रस्त्याकडेला चिंचा होत्या. चिंचांखाली रसवंती होती, आणि रसवंतीवाल्याची बायको एका पायानं अधू होती. तिनं आवडाबाईला कुठं निघाली म्हणून विचारलं. आवडाबाई म्हणाली, ‘एका बाईकडं जायचंय. बोलावलं व्हतं तिनं, मग इसरली.’

मी वाचायची थांबले. काकासाहेब खुर्चीत पुढे सरकले होते.

‘हे ज्यानं लिव्हलं त्यानं जुना रस्ता पायलाय,’ ते म्हणाले. ‘ती रसवंती व्हती तिथं. बाई बी तशीच व्हती, लंगडायची. रस्ता चौपदरी झाला तवा चिंचा तोडल्या, रसवंती गेली. सहा-सात वर्सं झाली आता.’

ऋतुराज हसत म्हणाला, काकासाहेब, म्हणजे तुम्हीच लिहिलंय. काकासाहेबांनी शांतपणे नाही म्हटलं. मला मात्र ऋतुराजचं म्हणणं एकदम पटलं आणि केवढं तरी बरं वाटलं. अर्थात तेच. कन्नडचे, जुना रस्ता माहीत असलेले. त्यांची कोणी नातलग त्या बैठकीला आलेली असणार. बाकड्याचं काय, कन्नडला स्टँड आहे आणि स्टँडवर बाकडं असतंच. सहीचं आणि अक्षराचं माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण एवढं जुळल्यावर एखादी गोष्ट माणूस सोडून देतो.

त्या दिवशी मंडईतून कैऱ्या घेऊन मी चालत घरी आले. मेतकूट-भात केला. दुपारी गाढ झोप लागली.

५

त्यापुढच्या रविवारी काकासाहेब आले नाहीत. सकाळीच त्यांचा फोन आला होता, नातवाला ताप आहे. सहा जण होते. मी सहाच कागद वाटले. मनात म्हणाले, आज सहाच येतील, आणि काकासाहेब परत आले की त्यांना प्रेमानं विचारीन.

लिहिणं सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला लाइट गेली. पंखा मंद होत होत थांबला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की सगळ्यांची पेनं ऐकू येऊ लागली. मी सहज कान दिला. तनुजाचं भराभर चालतं. ऋतुराज मधेच घाईनं खोडतो. एकेक आवाज ओळखत मी बसल्या जागी कानानं खोलीभर फिरले. शेवटच्या बाकामागे, भिंतीशी, जिथं कोणी बसत नाही, तिथं एक पेन चाललं होतं. सावकाश. दाबून.

मी मान त्या बाजूला केली नाही. घड्याळाकडे बघत राहिले. वीस मिनिटं झाल्यावर ‘थांबा’ म्हणाले आणि मगच पाहिलं. भिंत होती, आणि जुन्या मासिकांचे गठ्ठे.

सात पानं आली.

आवडाबाई वेरूळ सोडून, खुलताबादचा चढ चढून दौलताबादच्या उतारावर आली होती. पानाच्या मध्यावर लिहिलं होतं, ‘चालता चालता वारा पडला. झाडाचं पान हालंना. लांबून कुनाचं तरी लिव्हनं ऐकू यायलं.’

हे पान मी वाचून दाखवलं नाही. वर्गाला म्हणाले, आज त्या गोष्टीचं पुढचं आलेलं नाही. सहाही जण नाराज झाले. त्यात लिहिणारा असता तर त्यानं निदान एकदा माझ्याकडे चमकून पाहिलं असतं.

६

पुढचा वर्ग मी तब्येतीचं कारण सांगून रद्द केला. तो रविवार चांगला गेला. श्रीधरनी आणि मी गॅलरीतल्या कुंड्यांची माती बदलली. संध्याकाळी, आठवड्यात पोस्टानं आलेली मासिकं चाळताना एकात घडी घातलेला कागद निघाला. कोपऱ्यात माझी सही. एकच ओळ होती: ‘छावणीतल्या लोखंडी पुलावर आवडाबाई थोडी टेकली, कारन आज बाई आल्या नव्हत्या.’

छावणीतून खडकेश्वरमार्गे औरंगपुरा म्हणजे पाऊण तासाचा रस्ता.

सोमवारी मी काकासाहेबांना फोन केला आणि सिडकोतल्या एका हॉटेलात चहाला बोलावलं. त्यांना पानांबद्दल सांगितलं नाही. ते वेडेपणाचं वाटलं असतं. मी त्यांना त्या बैठकीतल्या बाईंचा प्रश्न सांगितला. अकरा वर्षांत श्रीधर सोडून कोणाला सांगितला नव्हता. मी त्यांना म्हणाले की तुम्हाला मी शिकवते, भिऊ नका, लिहा. आणि मी स्वतः त्या एका वाक्याला भिऊन बसलेय. कादंबरीतल्या बाईला स्टँडवर तशीच सोडून दिलीय.

काकासाहेबांनी बशीत चहा ओतला, पण तो तसाच ठेवला.

‘तुमी काय म्हनल्या मग त्या बाईला?’

‘नाही म्हणाले. कधी वेचला नाही.’

‘आन् पुढं?’

‘पुढं काय? त्या निघून गेल्या.’

‘इथंच चुकलं बगा तुमचं,’ काकासाहेब म्हणाले. ‘नसल वेचला. मग तिलाच इचारायचं, कसा वेचतात सांगा. ती सांगायलाच आली व्हती ना जवळ. बोंडानं नखाच्या कडा कशा फाटतात, वटीत किती मावतो, समदं सांगितलं असतं तिनं. तुमी दार लावून घेतलं.’

अकरा वर्षं मी जो प्रश्न धरून बसले होते, तो मला हुसकायला आलाच नव्हता. मी रडले नाही, पण चष्मा काढून पुसावा लागला. काकासाहेब तोवर रस्त्याकडे बघत बसले. मग त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला आणि मला विचारलं, त्या स्टँडवरच्या बाईचं नाव काय. मी सांगितलं.

त्यांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हटलं. मग म्हणाले, ‘रविवारी वर्ग ठिवा.’

७

मी वर्ग ठेवला.

सात जण आले. मी कागद वाटले आणि या वेळी एक माझ्यासमोर ठेवला. वर्गानं ते पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

मी पेन उघडून बसले होते. कागद कोरा होता. तोच तो जुना आवाज आत सुरू झाला होता. खाली मंडईत कोणी भाव ओरडत होतं, वाचनालयाचा शिपाई पाण्याची टाकी भरत होता. उन्हाची तिरीप दारातून आत आली होती. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं, खाली वीतभर फट.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल पडलं.

ओळखीचं नव्हतं. हलकं होतं आणि थकलेलं. एक पायरी, मग थांबणं. पुन्हा एक पायरी. लोखंड प्रत्येक वेळी तेवढ्यापुरतं वाजायचं. मला वाटलं, शिपाई असेल. पण त्याची टाकी भरायचा आवाज खालून येतच होता. मला वाटलं, कोणाची आई असेल, चौकशीला आलेली. मधल्या वळणावर पावलं बराच वेळ थांबली. तनुजाचं पेन हळू झालं. ऋतुराजचं खोडणं थांबलं. कोणीही मान वर केली नाही. नियम मीच घातला होता, आणि आता तो मोडायला सांगायची माझी छाती नव्हती.

पावलं वर आली. दाराबाहेर थांबली.

उन्हाची तिरीप मधेच तुटली. फटीतून मला पाय दिसले. दोन, अनवाणी, घोट्यापर्यंत धुळीनं पांढरे. टाचांच्या भेगांत माती बसलेली. एका बोटातलं जोडवं झिजून तारेसारखं झालेलं. वर साडीचा काठ होता, चार बोटं दिसत होता. जांभळा. धुऊन धुऊन कडेला राखाडी पडलेला.

साडीचा रंग मी नऊ प्रकरणांत कुठंच ठरवला नव्हता. ठरवायचं म्हणून मागे ठेवलेल्या गोष्टींत तो होता.

काठ जरा हलला. तिनं पायांवरचा भार बदलला, उभं राहून दमलेली बाई बदलते तसा. दार ढकललं नाही. आत येऊ का, असं विचारलं नाही. ती फक्त उभी होती, आणि मला कळलं की मी जोवर काही करत नाही तोवर ती उभीच राहणार आहे. मी लिहिलं, ‘साडी जांभळी होती.’ मग दुसरं वाक्य लिहिलं. मग पेन उचललं नाही.

मी मान वर केली तेव्हा वीस मिनिटं होऊन सहा मिनिटं झाली होती. तिरीप सरळ आत आली होती. दाराच्या फटीत ऊन होतं, बाकी काही नाही.

८

पानं आठच होती, माझं धरून. ती पिसून मी वाचायला घेतली. माझं मधेच आलं. माझं म्हणून सांगितलं नाही, पण वाचताना आवाज दोनदा अडकला, त्यावरून सगळ्यांना कळलं असावं. पान चांगलं नव्हतं. दोन वाक्यं पुरती फसली होती. मी अनवाणी पायांचं लिहिलं होतं, पण इतक्या लांबून आलेली बाई अनवाणी का, ते मला माहीत नव्हतं.

‘चप्पल हातात घेतली असल तिनं,’ काकासाहेब म्हणाले. ‘इतकं चालल्यावर पायाला फोड येतात. मग पायात नाय ठिवत.’

मी तिथंच, सगळ्यांसमोर, ते कागदावर लिहून घेतलं.

वर्ग सुटल्यावर तनुजा मागे राहिली. पर्स खांद्याला लावत तिनं विचारलं, ‘मॅडम, मधे कोणी आलं होतं का?’

‘तू पाहिलंस?’

‘नाही. मान वर करायची नव्हती ना.’ ती दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी जरा अडखळली. मग बाजूनं पाय टाकून बाहेर पडली, कोणाच्या अंगावरून जाऊ नये म्हणून जपावं तशी.

आता रविवार सोडून मी रोज सकाळी सात ते नऊ लिहिते. वही कपाटातून बाहेर काढली. दहावं प्रकरण झालं, अकरावं चालू आहे. काकासाहेबांनी एकदा कन्नडला नेलं, त्यांच्या वहिनींकडे. त्यांच्यासोबत मी तीन तास बसले आणि नुसतं विचारत राहिले. त्यांनी हात पुढे करून नखं दाखवली. लिहिताना अजून शंका येतात. आल्या की मी त्या कागदाच्या कडेला लिहून ठेवते आणि फोन करून कोणाला तरी विचारते. बहुतेकांना सांगायला आवडतं. अकरा वर्षांत मी इतकी आनंदात नव्हते. श्रीधर म्हणतात, तू परत गुणगुणायला लागलीस.

लिहिताना कधी कधी मागच्या गॅलरीकडे पाय घासल्यासारखं ऐकू येतं. वाक्य खोटं पडलं की जास्त येतं. मी उठून बघत नाही.

गेल्या गुरुवारी नऊ वाजता मी वही मिटून स्वयंपाकघरात आले. श्रीधर ओट्याशी दोन कप विसळत होते. मी विचारलं, दोन कशाला.

‘तुझ्याकडे आलेल्या त्या बाई,’ ते म्हणाले. ‘मागच्या गॅलरीत बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मी म्हटलं, आत बसा, ती लिहितेय, होईल तिचं. तर नको म्हणाल्या. मग चहा दिला.’

आमच्या मागच्या गॅलरीला बाहेरून यायला वाट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. हे श्रीधरना माझ्याइतकंच माहीत आहे. ते कप पुसत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

‘घेतला का त्यांनी?’ मी विचारलं.

‘घेतला. म्हणाल्या, बाईला सांगा, सावकाश होऊ द्या. मी इथंच हाय.’

त्या कशा दिसत होत्या ते मी विचारलं नाही. खोलीत परत गेले, वही उघडली. त्या दिवशी आणखी तीन पानं झाली.